लपून खाणं सोडलं, त्याची गोष्ट

(पुण्यात झालेल्या युवक-युवतींच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळपासून इथे शिक्षण, नोकरी, कायदा अशा मोठ्या विषयांवर चर्चा झाली. आता जेवणाच्या सुट्टीनंतर मला जेवणावरच बोलायला उभं केलंय. मघाशी रांगेत मी बघत होतो. बहुतेकांनी व्यवस्थित ताट वाढून घेतलं. दोघं-तिघं मात्र 'डाएट चालू आहे' म्हणून काकडी-टोमॅटो घेऊन कोपऱ्यात बसले होते. त्यांची नावं सांगत नाही, घाबरू नका. दहा वर्षं मीही त्यांच्यातलाच होतो. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय ३६. गेली तीन वर्षं मी एका डाएटिशियनकडे जातो. हे सांगितलं की लोक पहिल्यांदा माझ्या पोटाकडे बघतात आणि मग विचारतात, 'किती किलो कमी झालं?' त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी तिथपर्यंत कसा पोचलो ते सांगतो.

मी मिरजेचा. अब्बांचं शिलाईचं दुकान. आम्ही चार भावंडं, मी तिसरा. दस्तरखानावर सालनाचं एकच पातेलं असायचं आणि मटण रविवारीच. ज्यांच्या घरी चार भावंडं आणि एक पातेलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको, तिथे हळू खाणारा उपाशी राहतो. मी पाच मिनिटांत जेवायला शिकलो आणि पुढे तीस वर्षं तसाच जेवत राहिलो. पोट भरलं की नाही हे कळायच्या आत ताट रिकामं व्हायचं.

आमच्याकडे प्रेम व्यक्त करायची एकच रीत आहे, वाढणं. एक भाकरी कमी खाल्ली की अम्मीचा चेहरा उतरतो, 'इत्ताच खाया? तबियत ठीक है ना?' आणि त्याच घरात, त्याच दिवशी, फुफी आली की माझ्या गालाला चिमटा काढून म्हणणार, 'किती जाडा झालास रे!' एक हात वाढतोय, दुसरा हात चिमटे काढतोय. माझ्या बहिणीला तर रिश्त्याची बोलणी सुरू झाल्यावर अठराव्या वर्षापासून भात बंद होता. तिला भूक लागते का, हे कोणी विचारलं नाही.

सांगलीला इंजिनिअरिंग केलं आणि २०११ साली नोकरीसाठी पुण्याला आलो. पुण्यात फ्लॅट शोधताना काय होतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. आडनाव ऐकलं की फ्लॅट 'आत्ताच गेला' असं कळतं. जिथे जात नाही तिथे पुढचा प्रश्न असतो, 'घरात नॉनव्हेज नाही ना करणार?' तेव्हा मी 'नाही' म्हणालो आणि खोली घेतली. त्या दिवसापासून अंडं उकडलं तरी खिडकी लावून उकडायचो. टरफलं कागदात गुंडाळून ऑफिसच्या वाटेवरच्या कचराकुंडीत टाकायचो.

ऑफिसमध्ये मायक्रोवेव्हवर एक दिवस 'फक्त व्हेज' अशी चिठ्ठी लागली. कोणी लावली, कळलं नाही. मला कोणी थेट काही बोललंही नाही. पण माझ्या डब्यात काय आहे हे बघायला मान वळते, हे मला जाणवायचं. डब्यात साधी मेथीची भाजी असली तरी 'आज बिर्याणी नाही का?' हा विनोद ठरलेला. त्यात द्वेष नव्हता, हे मी आजही म्हणतो. पण रोजच्या रोज आपल्या ताटाचा खुलासा करायचा कंटाळा येतो. मी डबा नेणं बंद केलं. दुपारी दोन बिस्किटं आणि चहा. लोक म्हणायचे, काय कंट्रोल आहे!

आणि रात्री साडेदहाला, खोलीचं दार लावून, मी ॲपवरून दोन माणसांचं जेवण मागवायचो. डिलिव्हरी देणाऱ्या मुलाला वाटावं की घरात पाहुणे आहेत, म्हणून मुद्दाम मागे वळून 'आलो रे!' असं म्हणायचो. खोलीत कोणी नसायचं. हसू नका. हसा खरं तर, आता मलाही हसू येतं. तेव्हा यायचं नाही.

लग्नानंतर हे थांबेल असं वाटलं होतं. थांबलं नाही, जागा बदलली. बायको शाळेत शिक्षिका आहे, लवकर झोपते. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून खायचो आणि पाकिटं लॅपटॉपच्या बॅगेत लपवायचो.

दरम्यान डाएट चालूच होते. इंजिनिअर माणूस, प्रत्येक डाएटची एक्सेल शीट. २०१८ साली कीटो केलं. चार महिन्यांत ९२ किलोवरून ७८ वर आलो. त्या वेळचे फोटो अजून नातेवाइकांच्या फोनमध्ये आहेत. चुलत बहिणीच्या लग्नात एक वाटी फिरनी खाल्ली आणि मनात आलं, आता मोडलंच आहे तर मोडलंच. त्या रात्री किती खाल्लं ते सांगत नाही. पुढच्या वर्षी वजन होतं ९५. मग सोळा तास उपाशी राहण्याचा प्रयोग, मग कॅलरी मोजायचं ॲप, मग लॉकडाऊन. प्रत्येक वेळी मला वाटायचं, डाएट बरोबर होतं, मीच कमकुवत आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीच्या तपासणीत रिपोर्ट आला. एचबीए१सी ६.२ आणि यकृतावर चरबी, ग्रेड दोन. एचबीए१सी म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ६.५ पासून मधुमेह. या उंबरठ्यावर मी एकटा नव्हतो. आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात आले, त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर आहेत.

पण माझ्यासाठी तो आकड्यांचा विषय नव्हता. अब्बांना २००९ पासून मधुमेह आहे. २०१७ मध्ये त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. पायानं मशीन चालवणाऱ्या माणसाचा अंगठा. रिपोर्ट हातात घेऊन मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो. आणि खरं सांगतो, त्या दिवशीही मी तिथे बसून वडापाव खाल्ले. चार.

पहिल्या ज्या डाएटिशियनकडे गेलो, त्यांनी नाव विचारलं, वजन केलं आणि दहा मिनिटांत झेरॉक्स काढलेला एक तक्ता हातात दिला. सकाळी दलिया, दुपारी मुगाचं वरण, रात्री सूप. मी विचारलं, अंडं, मासे, चिकन? तर म्हणाले, 'तुम्हा लोकांना तेच सोडायचं असतं आणि तेच जमत नाही.' पैसे देऊन बाहेर आलो. तो तक्ता मी अकरा दिवस पाळला. बाराव्या दिवशी काय झालं ते तुम्हाला आता माहीत आहे.

इथे मी कायमचा थांबलो असतो. पण बायकोला एक दिवस गाडीच्या सीटखाली पाकिटं सापडली. ती चिडली नाही. म्हणाली, 'तू खातोस याचं मला काही नाही. तू माझ्यापासून लपून खातोस, याचं वाईट वाटतं.' तिच्या शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेनं दुसऱ्या मॅडमचं नाव सुचवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मी त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी पहिल्या भेटीत वजन केलंच नाही. रिपोर्ट बघितले, कोणती औषधं चालू आहेत, झोप किती, घरात कोणाला काय आजार, हे विचारलं. मग विचारलं, 'तुमच्या घरी लहानपणी जेवण कसं असायचं?' मी दस्तरखान, पातेलं, भावंडं, सगळं सांगितलं. पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी एकच काम दिलं. दोन आठवडे वहीत लिहायचं. कॅलरी लिहायच्या नाहीत. फक्त चार गोष्टी: किती वाजता खाल्लं, भूक एक ते दहामध्ये किती होती, कोणाबरोबर खाल्लं आणि खाल्ल्यावर कसं वाटलं. काहीही बदलायचं नाही. रात्री खात असाल तर तेही लिहा, म्हणाल्या.

सॉफ्टवेअरमध्ये आपण काय करतो? सिस्टीम कोसळली तर आधी लॉग बघतो. शिव्या देत बसत नाही. ती वही म्हणजे माझा लॉग होता. दोन आठवड्यांनी आम्ही दोघांनी तो वाचला. सकाळी काही नाही. दुपारी दोन बिस्किटं. चार वाजता भुकेचा आकडा नऊ, सहा वाजता तीन, कारण भूक दाबून दाबून कळेनाशी झालेली. आणि रात्री साडेदहाला स्फोट. 'कोणाबरोबर' या रकान्यात पंधरा दिवसांत तेरा वेळा 'एकटा'. 'कसं वाटलं' या रकान्यात तेरा वेळा एकच शब्द, 'लाज'.

मॅडम म्हणाल्या, 'तुमचा रात्रीचा प्रश्न दुपारी सुरू होतो. आपण दुपार दुरुस्त करू.'

मला पटेना. मी म्हणालो, मॅडम, माझ्यात कंट्रोल नाही, तो शिकवा. तेव्हा त्यांनी मला एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. घरी येऊन मी त्यावर बरंच वाचलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लाखो लोक उपाशी होते आणि त्यांना परत कसं खाऊ घालायचं हे कळत नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं १९४४ च्या नोव्हेंबरात ३६ तरुण निवडले. सद्सद्विवेकाच्या कारणानं युद्धात लढायला नकार दिलेले, धडधाकट, स्वतःहून पुढे आलेले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण १,५०० ते १,६०० कॅलरी. हा आकडा नीट ऐका. आपल्यातले अनेक जण इंटरनेटवरून यापेक्षा कमी कॅलरीचं डाएट उचलतात.

त्या तरुणांचं काय झालं? दिवसभर खाण्याचेच विचार. ज्यांनी कधी चूल पेटवली नव्हती ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. चिडचिड, उदासी, थंडी वाजणं. काहींनी चोरून खाल्लं आणि नंतर स्वतःला दोष दिला. आणि पोटभर खायला मिळू लागल्यावरही अनेकांना कितीतरी आठवडे पोट भरल्याचं समाधानच मिळेना. ही माणसं कमकुवत नव्हती. आपल्या मतासाठी सरकारला नकार देणारी माणसं होती ती. शरीर उपासमारीला असंच उत्तर देतं.

मित्रांनो, ते वाचताना मी रडलो. दहा वर्षं ज्याला मी माझा दोष समजत होतो, तो माझ्या शरीराचा बचाव होता.

मग कामाला लागलो. सकाळी नऊच्या आत नाश्ता: दोन अंडी आणि एक भाकरी किंवा चपाती. दुपारी डबा, आणि तो सगळ्यांबरोबर टेबलावर बसूनच खायचा, ही मॅडमची अट होती. चार वाजता मूठभर फुटाणे किंवा एखादं फळ. ताटाचा हिशेब सोपा: अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, पाव ताटात डाळ, मासे, चिकन, अंडं किंवा मटण यांपैकी काही, उरलेल्या पाव ताटात भाकरी, चपाती किंवा भात. आमच्या घरचं काहीही त्यांनी परकं ठरवलं नाही. दालचा चांगला म्हणाल्या, डाळही आहे आणि दुधीही. खिम्यात मटार आणि मेथी घालायला सांगितली. तेल मोजून घालायला शिकवलं. बिर्याणी रविवारी, आधी कोशिंबीर, मग बिर्याणी, सगळ्यांसोबत बसून. 'बंद' या यादीत काहीच नव्हतं. मी विचारलं, यादी का नाही? म्हणाल्या, 'तुम्ही बंद केलेली प्रत्येक गोष्ट तुम्ही रात्री गाडीत खाल्लेली आहे. वही बघा.'

डबा टेबलावर उघडायला मला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी अंडाकरी होती आणि माझ्या तळहाताला घाम. कोणी काही म्हणालं नाही. एकानं नेहमीचा बिर्याणीचा विनोद केला. मी म्हणालो, रविवारी ये, खाऊ घालतो. तो खरंच आला.

सगळं सरळ झालं नाही. पहिल्या महिन्यात वजन सव्वा किलो वाढलं. मी चिडून मॅडमना फोन केला. त्यांनी वजनकाटा माळ्यावर टाकायला सांगितला. डिसेंबरात, दुपारचं जेवण नीट चालू असतानाही, ऑफिसमध्ये एक वाईट दिवस गेला आणि मी परत गाडीत जाऊन बसलो. पुढच्या भेटीत त्यांनी स्पष्ट सांगितलं, 'यातला काही भाग माझ्या कामाच्या पलीकडचा आहे. तुम्ही समुपदेशकांनाही भेटा.' कमी वेळात प्रचंड खाणं, थांबावंसं वाटून थांबता न येणं, लाजेनं एकट्यानं खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, आणि हे सरासरी आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने. याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आपल्या डीएसएम-५ या ग्रंथात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. निदान तज्ज्ञांनीच करायचं असतं, माझं त्यांनीच केलं. आठ महिने मी समुपदेशनाला जात होतो. ज्यांना ही लक्षणं ओळखीची वाटली त्यांच्यासाठी सांगतो, सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. माझ्या बाबतीत हादरे बसायचं प्रमाण कमी होत गेलं. आता दोन-तीन महिन्यांतून एखादी रात्र तशी जाते. दुसऱ्या दिवशी मी नाश्ता करतो. उपास करत नाही. सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

आता रमजानबद्दल. २०२३ चा रमजान मार्चमध्ये आला. मॅडम म्हणाल्या, 'मला रमजानचं वेळापत्रक समजावून सांगा.' मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, 'रोजे ठेवल्यावर मनात काय असतं?' मी भाविक माणसासारखं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. कारण गेली कितीतरी वर्षं माझ्या मनात रमजान सुरू झाला की पहिला विचार यायचा, 'या महिन्यात पाच किलो उतरवू.' सहरी मुद्दाम सोडायचो. इफ्तारला भजी, समोसे, सरबत यांच्यावर तुटून पडायचो आणि तरावीहला पोट धरून उभा राहायचो. इबादतीच्या नावाखाली मी डाएट करत होतो. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो.

डॉक्टर, समुपदेशक आणि मॅडम, तिघांचं मत पडलं की या वर्षी माझी घडी नुकती बसतेय, रोजे ठेवू नयेत. रोज्यांचा हुकूम सूरह बकरामध्ये जिथे आहे तिथेच आजारी माणसाला सवलतही आहे, राहिलेले दिवस नंतर पूर्ण करायची. हे आपल्या सर्वांना पाठ असतं. पण मधुमेहाच्या किंवा गरोदरपणाच्या बाबतीत जे आपण मान्य करतो, ते मनाच्या आजाराबाबत मान्य करायला जीभ अडखळते. ऑफिसमध्ये सांगणं सोपं होतं. अब्बांना कसं सांगायचं?

मी मिरजेला गेलो. दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. गाडी, पाकिटं, समुपदेशन, सगळं. अब्बा ऐकत होते, हातातलं काज करायचं काम थांबलेलं. बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, आता म्हणतील, ही सगळी शहरातली थेरं. ते उठले, बटणांच्या डब्यांचा खालचा ड्रॉवर ओढला. बटणांच्या मागे चिक्की, बिस्किटाचे पुडे, खडीसाखर. म्हणाले, 'तेरी अम्मी शक्कर का डिब्बा गिनती है. इसलिए यहाँ रखता हूँ.'

बाप पायाचा अंगठा गमावून दुकानात लपून खात होता आणि मुलगा पुण्यात गाडीत लपून खात होता. दोघांनाही घरच्यांनी 'खाऊ नको' एवढंच सांगितलं होतं. कसं खायचं, हे कोणी बसून शिकवलं नव्हतं.

ईदनंतर मी अब्बांना मॅडमकडे आणलं. त्यांनी अब्बांच्या डॉक्टरांशी बोलून जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा जुळवल्या. चहाबरोबरची बिस्किटं आणि पोहे-भाताचे ढीग कमी झाले, डाळ-अंडी वाढली. गोड खायचंच असेल तर घरी, जेवणानंतर लगेच, ठरलेल्या मापात आणि अम्मीसमोर. ड्रॉवरमध्ये आता फक्त बटणं आहेत, असं अब्बा सांगतात. मी उघडून बघितलेलं नाही. वर्षभरात त्यांची एचबीए१सी ९.४ वरून ७.६ वर आली. अंगठा परत येत नाही, पण पाऊल शाबूत आहे.

त्याच भेटीत मॅडमनी आम्हा बापलेकांना एक प्रश्न विचारला, 'घरात अम्मी कधी जेवतात?' आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही माहीत नव्हतं. घरी विचारलं तर कळलं, सगळ्यांचं झाल्यावर, स्वयंपाकघरात, पातेल्यात उरलं असेल ते. सालन संपलं तर भाकरी आणि चटणी. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या अहवालात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं आहे. तो आकडा मी पूर्वी वाचला होता. तो आमच्या स्वयंपाकघरात जेवतोय हे माहीत नव्हतं. आता आमच्याकडे अम्मी पहिल्या पंगतीत बसते. सुरुवातीला तिला ते अवघड गेलं. सारखी उठायची. अब्बा म्हणायचे, 'बैठो, मैं लाता हूँ.' बासष्ट वर्षांचा माणूस पहिल्यांदा स्वतः उठून पाणी घ्यायला शिकला. इथे बसलेल्या मुलांनी घरी जाऊन हा एक प्रश्न नक्की विचारावा. अम्मी कधी जेवते?

२०२४ पासून मी रोजे ठेवतो. सहरी चुकवत नाही: अंडी किंवा डाळ, भाकरी, दही, फळ, भरपूर पाणी. इफ्तारला खजूर, पाणी, थोडं फळ, मग नमाज, आणि मग बसून पूर्ण ताट. भजी असतात, ताटाचाच भाग म्हणून. वजनाचा विचार त्या महिन्यात करत नाही. राहिलेले रोजे हिवाळ्यात पूर्ण केले. ज्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, त्यांनी रमजानच्या एक-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावं. औषधाच्या वेळा आपल्या मनानं बदलू नयेत.

आता थोडं व्यवहाराचं. डाएटिशियन निवडायचा कसा? शिक्षण विचारा. आहारशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी हवी. 'आरडी' म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन असेल तर उत्तम. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून सल्ला देणारे खूप आहेत. जो पहिल्याच भेटीत पावडरचा डबा विकतो, त्याच्याकडून उठून या. जो महिन्यात दहा किलोची हमी देतो, तिथूनही उठा. जो तुमचे रिपोर्ट, औषधं आणि तुमच्या घरचं जेवण यांबद्दल विचारत नाही, त्याचा तक्ता तुमच्यासाठी बनलेलाच नाही. आणि जो तुमच्या नावावरून तुमचं ताट ठरवतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायची गरज नाही. तसंच, पहिला अनुभव वाईट आला म्हणून सगळ्यांवर फुली मारू नका. मी मारली असती तर आज इथे नसतो.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. मी पगारदार आहे, मला परवडलं. पण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या अनेक रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात, केसपेपर काढून भेटता येतं. आणि काही गोष्टींना पैसे लागतच नाहीत. वही लागत नाही महागाची. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण वेळेवर, दिवसातून एक जेवण सगळ्यांनी एकत्र आणि मोबाइल बाजूला ठेवून. लहान मुलांच्या बाबतीत एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचा नियम मला फार उपयोगी वाटला. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईबापांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. माझी मुलगी चार वर्षांची आहे. ताट संपवायची सक्ती आमच्याकडे नाही. फुफीला तिच्या गालाला चिमटा काढायचीही परवानगी नाही. फुफी थोडी रुसली, आता ठीक आहे.

तर, किती किलो कमी झालं? तीन वर्षांत सहा. एचबीए१सी ५.६ आहे, यकृत ग्रेड एकवर आलंय. फोटो काढून दाखवावं असं काही झालेलं नाही. २०१८ च्या फोटोत मी यापेक्षा बारीक दिसतो. पण त्या फोटोतला माणूस रात्री दार लावून खात होता. आज मी जे खातो ते बायकोसमोर, मुलीसमोर, ऑफिसच्या टेबलावर खातो. माझ्या गाडीच्या सीटखाली आज मुलीची रंगपेटी आहे आणि तिचा एक हरवलेला मोजा.

ज्यांनी दुपारी काकडी खाल्ली त्यांना आत्तापर्यंत भूक लागली असेल. मागे चहा आणि उपमा ठेवलाय. पोटभर खा, सगळ्यांबरोबर बसून खा. ज्यांना सभेत विचारायला संकोच वाटेल ते तिथे येऊन माझ्याशी बोलू शकतात, मी शेवटपर्यंत थांबतो.